बघून येण्याचे सात शब्द

भगवान तांब्याला इंग्रजी येत नाही असं म्हणायची तुर्भ्याच्या वस्तीत कुणाची टाप नव्हती. महाड तालुक्यातला सातवी पास माणूस. पण कुणाला बँकेचा फॉर्म भरायचा असो नाहीतर पोराच्या शाळेतून आलेली चिठ्ठी वाचायची असो, लोक त्याच्याच दारात यायचे. खरं सांगायचं तर त्याचं इंग्रजी भलतंच एकांगी होतं. एखाद्या गोष्टीकडे जरा नजर टाकून येणं, या एवढ्याशा कामासाठी त्याच्याकडे सात शब्द होते आणि उरलेल्या सगळ्या जगासाठी जेमतेम सत्तर.

हे धन त्याला हार्डविक साहेबाकडून मिळालं. चौऱ्याहत्तर साली महाप्याच्या माळावर, रंगात पडणारं रेझीन बनवायचा एक कारखाना उभा राहिला, तेव्हा यंत्रांच्या पेट्यांबरोबर हा साहेब विलायतेहून आला. लालबुंद मानेचा, खाकी हाफपँटीतला. भगवान त्याचा हेल्पर. 'लुक' हा साधा शब्द साहेब वापरील तर शपथ. काचेच्या झरोक्यातून आत उकळणारं रेझीन बघायचं तर 'पीप'. गेजची रेघ एक डोळा मिटून बघायची तर 'स्क्विंट'. टाक्यांच्या आवारात मान उंचावून एक चक्कर मारायची तर 'गँडर'. गँडर म्हणजे नर हंस, हे साहेबानं स्वतः मान लांबवून, चार पावलं डुलत चालून दाखवलं होतं. पंप सुरू करायच्या आधी त्याच्या नटबोल्टांवरून नजर फिरवायची ती 'वन्स-ओव्हर'. स्टोअरमध्ये नवा माल आला की 'लुक-सी'. आणि 'डेको' कशालाही चालायचा. तो तर आपल्याच 'देखो'वरून गोऱ्या सोल्जरांनी उचललेला, हे साहेबानं सांगितलं तेव्हा भगवानची छाती फुगली. आपल्या गावचा माणूस बोटीनं लांब जाऊन, बूट घालून परत आला की जसं वाटतं तसं त्याला वाटलं.

सातवा 'बुचर्स'. हा साहेबाच्या लंडनातल्या गल्लीतला. बुचर म्हणजे खाटीक, खाटकाचा हुक, हुकशी यमकात जुळतो लुक, म्हणून नुसतं बुचर्स म्हटलं की झालं. खाटकाचा आणि बघण्याचा हा संबंध भगवानला काही पटला नाही, पण मिळालेला शब्द वाया कशाला घालवा? दुसऱ्याच्या डब्यात आज काय आहे हे बघण्यासाठी त्यानं तो राखून ठेवला.

सगळे शब्द त्यानं कंपनीच्या छोट्या डायरीत देवनागरीत उतरवले. साहेबानं एकदा ते पान मागून घेतलं, वाचायला लावलं, पोट धरून हसला. मग खिशातून लाल पेन काढून त्यानं सात शब्दांखाली जाड रेघ ओढली आणि रेघेखाली भगवानला आठवा शब्द लिहायला लावला. इन्स्पेक्शन.

"टँक के अंदर नो डेको, नो पीप," साहेब म्हणाला. आता तो हसत नव्हता. "टँक के अंदर ओन्ली इन्स्पेक्शन. पूरा वर्ड. पेपर, गॅस टेस्ट, रोप. टँक को मालूम नहीं, तुम एक सेकंद के लिए आया."

शहात्तरला साहेब गेला. शब्द मात्र कारखान्यात राहिले. हेल्परपासून फिटरपर्यंत सगळे ते बोलू लागले, गेटवरचा वॉचमनसुद्धा ट्रकमध्ये 'डेको' मारायचा. लाल रेघही राहिली. टाकी उघडायची म्हटली की भगवान, आता तो शिफ्टचा चार्जमन होता, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "पुरा शब्द!" कागदावर सह्या होईपर्यंत, गॅस तपासून होईपर्यंत, दोर बांधून होईपर्यंत टाकीच्या तोंडाशी कुणाला फिरकू द्यायचा नाही. नवी पोरं पाठीमागे नक्कल करायची, पण ऐकायची.

नामा खिल्लारे त्याच्या हाताखालचा फिटर. अठ्ठावीस वर्षांचा, परभणीकडचा. बहात्तरच्या दुष्काळात त्याची विधवा आई चांगुणाबाई त्याला घेऊन तुर्भ्याला आली आणि खाणीवर खडी फोडत राहिली. भगवानचं घर त्यांच्यापासून तीन दारं सोडून. नामाला कारखान्यात चिकटवला तो भगवाननंच. त्यामुळे चांगुणाबाई दोन्हीकडे एकच सांगायची. नामाला सांगायची, "दादा म्हनतील ते ऐकायचं," आणि भगवानला सांगायची, "दादा, न्हाई ऐकलं तर कानफटात द्या." कानफटात द्यायची वेळ कधी आली नाही. नामा ऐकणारा होता.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत, एका बुधवारी, दुपारच्या सुट्टीत नामानं नेहमीप्रमाणे भगवानच्या डब्याचं झाकण उचकटलं. "काका, बुचर्स!" बोंबलाचं कालवण होतं. त्याचा निम्मा फडशा पाडल्यावर तो म्हणाला, "रविवारी कळंबोलीला पोरगी बघायला चाललोय. आयनं ठरवलंय. तुमीपन यायचंय. आता सांगा, पोरगी बघायला तुमच्या सायबाचा कंचा शब्द?"

"त्याला सातातला एक पन चालनार नाय," भगवान गंभीर चेहरा करून म्हणाला. "त्याला इन्स्पेक्शन. कागद, टेस्ट, आनि शेवटी गळ्यात दोर!"

सगळी कँटीन हसली. नामा तर लाजून डब्यातच बघत बसला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला दोन नंबरच्या टाकीतलं ढवळायचं पातं खडखडायला लागलं. माल काढून टाकी रिकामी केली, आतली वाफ पेटू नये म्हणून नायट्रोजन मारला आणि वरच्या तोंडाचं झाकण काढलं. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि कोसळतो. गॅस तपासणारा दुसऱ्या प्लँटवर अडकला होता. तासभर लागेल म्हणाला. खालून इंजिनियर जयप्रकाश साहेबांचा तिसऱ्यांदा फोन आला. "भगवान, बॅच थांबलीय. पातं तुटलंय का नुसतं ढिलं झालंय, तेवढं तरी कळू दे. तुटलं असेल तर मी दुसरं मागवतो."

मागणं वाजवी होतं. पातं तुटलंय का, एवढंच कळायला हवं होतं. भगवान वरच्या लोखंडी जाळीवर आला. टाकीच्या तोंडापासून चार पावलं दूर नामा नटबोल्टाचे पाने पुसत बसला होता.

"नामा, जरा डेको मार रे," भगवान म्हणाला. "पातं तुटलंय का तेवढं बघ."

नामानं मान वर केली. सहा वर्षांत टाकीसाठी तो शब्द त्यानं भगवानच्या तोंडून ऐकला नव्हता. "काका, डेको?"

"अरे, नुसता."

नामा हसला. पाना खाली ठेवून तो टाकीच्या तोंडाशी येऊन वाकला, आधी डोकं, मग खांदे. "काका, इथनं..." एवढं बोलला. मग त्याचे पाय जाळीवरून सुटले. भगवाननं झेप घेतली, त्याच्या हातात एक बूट आला.

तोंडाला हवेच्या नळीचा मास्क लावून दुसरे दोघं फिटर उतरले आणि त्यांनी नामाला वर काढला, तोवर वीस मिनिटं गेली होती. ठाण्याच्या इस्पितळात नेऊन उपयोग नाही, असं कंपनीच्या डॉक्टरनं तिथंच सांगितलं.

संध्याकाळी केबिनमध्ये जबाब झाला. जयप्रकाश साहेब वाईट माणूस नव्हता. "भगवान, तुम्ही त्याला आत बघायला सांगितलंत का?"

जाळीवर तेव्हा दोघंच होते. त्यातला एक आता पांढऱ्या चादरीखाली होता.

"नाय साहेब," भगवान म्हणाला. "मी पंपाकडे होतो."

साहेबानं श्वास सोडला. 'कामगाराने स्वतःहून डोके आत घातले' असं त्यानं लिहिलं आणि भगवाननं खाली सही केली. इंग्रजीत केली. ती त्याला चांगली जमायची.

नामाचा डबा भगवानच घेऊन गेला. भरलेला. चांगुणाबाईनं तो मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ झाकणावर हात ठेवून बसली. मग तिनं एकच विचारलं. "दादा, तुमी तर व्हता ना तिथं? तुमी नगं म्हनला असताल?"

भगवाननं होकारार्थी मान हलवली. हो म्हणायलाही त्याच्यात त्राण नव्हतं. मान मात्र हलली.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "दादा नगं म्हनल्याबिगर ऱ्हात न्हाईत. ह्योच मेला आगाव!"

तिथून पुढं चांगुणाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ती चिडली होती. आईनं मेलेल्या पोरावर चिडावं यासारखं वाईट दुसरं काही नाही, कारण ते पोरगं उलट बोलत नाही, रुसून बाहेर जात नाही आणि संध्याकाळी जेवायला परतही येत नाही. बायका सांत्वनाला यायच्या, उसासे टाकून म्हणायच्या, "अगं, पन त्याला आत डोकवायची काय गरज व्हती?" आणि ही भिंतीवरच्या नव्या फोटोकडे बघून म्हणायची, "इचारा त्यालाच! काय ठिवलं व्हतं रं तितं तुज्या बापानं? सांगितल्यालं ऐकाया काय झालं व्हतं?" रविवारी कळंबोलीहून मुलीचे वडील येऊन, खाली मान घालून बसून गेले. त्यांच्यासमोरही तिनं पोराला शिव्याच घातल्या.

तीन दारांपलीकडे भगवानला सगळं ऐकू यायचं. सिमेंटच्या पत्र्याच्या घरांना कसल्या आल्यात भिंती! तो भाकरीचा तुकडा मोडायचा आणि तसाच ताटात ठेवायचा. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, ताट बाजूला सारलं आणि विचारलं. त्यानं तिला सगळं सांगितलं.

मुक्ताबाईनं उठून दार ओढून घेतलं. "कुनी बघितलं नाय ना?" मग ती म्हणाली. "मग तुमी बोलायचं नाय. नोकरी जाईल, वर पोलीस. दोन पोरं शाळंत हायत आपली. तुमी बोलून नामा काय उठून येनार हाय?"

"ती त्याला शिव्या देते, मुक्ता."

"देऊ दे. मेलेल्याला लागत नायत." असं बोलली खरी, पण लगेच पदर तोंडाला लावून रडायला लागली. गुरुवारपासून चांगुणाबाईची भाकरी तीच थापून नेत होती.

पुढच्या रविवारी जलदानविधी ठेवला. वस्तीच्या बुद्धविहारासमोर कापडी मांडव, पांढऱ्या चादरीवर बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची मूर्ती आणि शेजारी नामाचा फोटो. फोटो आयडेंटिटी कार्डावरून मोठा केलेला, म्हणून जरा पुसट. पुढं चांगुणाबाई पांढऱ्या लुगड्यात ताठ बसलेली. आपल्यात रीत अशी की वंदनेआधी चार माणसं उठून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. पंचायतीचे अध्यक्ष रावसाहेब उठले. माणूस भला, पण माईक हातात आला की सुटायचा. नामा कसा कष्टाळू होता, हे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "परंतु बंधूंनो, तरुणांनी यातून बोध घ्यावा. वडीलधाऱ्यांचं ऐकावं. नको तिथं डोकावू नये."

चांगुणाबाईनं मान डोलावली.

पंचशील म्हणायचं काम नेहमी भगवानकडं असे. आवाज खणखणीत, पाली शुद्ध. तो उभा राहिला, हात जोडले. त्यानं एक ओळ म्हणायची आणि मांडवानं ती मागून म्हणायची. "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि." कुणाचा जीव घेण्यापासून दूर राहीन. ओळ पार पडली. दुसरी झाली. तिसरी झाली. चौथी प्रत्येक पोराला पाठ असते, मी खोटं बोलणार नाही याची.

"मुसावादा..." भगवान म्हणाला.

मांडव वाट बघत राहिला. कुणीतरी मागून हळूच ओळ पुरवली, "वेरमणी..." कुणाला वाटलं, माणसाला भरून आलंय. मुक्ताबाईनं मात्र बायकांच्या रांगेतून डोळे वर केले आणि पोरांचे हात घट्ट धरले.

"मला ही ओळ म्हनता येत नाय," भगवान म्हणाला. "नामा आपनहून डोकावला नाय. मी सांगितलं त्याला. मी म्हटलं, डेको मार. जबाबात खोटं लिहून दिलं मी. ताई, तुमाला पन खोटं सांगितलं."

रावसाहेब अर्धे उठले आणि पुन्हा बसले. चांगुणाबाई जागची हलली नाही.

"तुमी म्हनला, बघ?" तिनं विचारलं.

"हो."

"आन् त्यो? लगीच गेला?"

"थांबला होता, ताई. त्याला रीत ठाऊक होती. त्यानं मला विचारलं, काका, डेको? मी म्हटलं, अरे, नुसता. मग तो वाकला."

"म्हंजी त्यो ऐकत व्हता," चांगुणाबाई स्वतःशीच म्हणाली. "ऐकत व्हता माजा." ती उठली, फोटोपाशी गेली. पदराच्या टोकानं तिनं काच पुसली, पुन्हा पुसली. "धा दिस शिव्या दिल्या रं तुला. धा दिस." आणि मग तिनं जो हंबरडा फोडला तो खाणीपर्यंत गेला असेल. बायका धावल्या. तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

भगवान हात जोडून तसाच उभा होता. जावं की थांबावं ते त्याला कळेना. बऱ्याच वेळानं चांगुणाबाई वळली.

"पंचशील पुरं करा," ती म्हणाली. "माज्या लेकाचं अर्ध्यावर ठिवू नगा."

त्यानं चौथी ओळ पुरी म्हटली. पाचवी म्हटली. मांडवानं मागून म्हटली. आवाज त्याला ओळखीचा वाटला नाही, ना त्याचा ना त्यांचा.

लोक पांगल्यावर तो तिच्या पायाशी वाकला, तर तिनं पाय मागं घेतले. "खरं बोललात, लई उपकार झाले. लेक परत दिला माजा. पर दादा, आता ह्या दारात डोकवायचं न्हाई. मी जित्ती हाय तवर न्हाई."

सोमवारी भगवाननं जबाब बदलून दिला. चौकशी दीड वर्ष चालली. चार्जमनपद गेलं आणि त्याला स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. तिथं कुणी 'लुक-सी' म्हणत आलं की तो मुकाट्यानं माल पुढं ठेवायचा. जयप्रकाश साहेब बदलून गेला. नवी पोरं आली, त्यांना ते शब्द कुठून आले हे ठाऊक नव्हतं आणि भगवाननं ते सांगितलं नाही. डायरी ट्रंकेत तळाशी गेली. मुक्ताबाई चांगुणाबाईकडं भाकरी नेत राहिली. चांगुणाबाईही ती घेत राहिली. दोघींमध्ये भगवानचं नाव कधी निघालं नाही.

वस्तीतून रस्त्याला लागायला एकच वाट, चांगुणाबाईच्या दारावरून. सकाळी साडेसहाला जाताना आणि संध्याकाळी येताना भगवान मान खाली घालून, गटाराच्या कडेच्या फरशा मोजत ती वाट पार करायचा. सात वर्षं केली. एकदाही त्यानं त्या दाराकडे डोळा उचलला नाही, अगदी आतून खोकल्याचा आवाज आला तरीसुद्धा. सांगितलेलं ऐकायचं, एवढंच आता त्याच्या हातात उरलं होतं.

नव्वदच्या उन्हाळ्यात चांगुणाबाई गेली. त्या दिवशी तो सात वर्षांत पहिल्यांदा तिच्या दाराच्या आत आला, खांदा द्यायला. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला एक जुनं पोतं घडी करून अंथरलेलं होतं. बसून बसून मधोमध झिजलेलं.

"हे काय?" त्यानं मुक्ताबाईला विचारलं.

मुक्ताबाईनं पोतं उचलून भिंतीला लावलं. "तुमच्या टायमाला रोज इथं येऊन बसायच्या," ती म्हणाली. "सकाळी आनि संध्याकाळी. तुमी वळनावर दिसेनासे होईपर्यंत बघत राहायच्या."